मशीनसाठी मिठात घातलेला हात

पेणच्या बाजारात सुकी मासळी विकायला आम्ही अकरा बायका एका ओट्यावर बसतो. ओट्याच्या एका टोकाला पायऱ्या आहेत, दुसऱ्या टोकाला गटार. गिऱ्हाईक पायऱ्यांनी चढतं आणि पहिल्याच पाटीसमोर पिशवी उघडतं. तिथे बसणारीची सुकट दुपारपर्यंत संपते. गटाराशी बसणारी संध्याकाळी तीच पाटी डोक्यावर घेऊन घरी जाते. शिवाय तिथे बारा महिने ओल, आणि सुकटीला ओल लागली की ती कोंबड्यांनाच टाकायची. म्हणून आमच्यात जागा कोणाचीही कायमची नाही. दर अवसेला सकाळी नव्याने ठरते. ही रीत माझ्या सासूच्याही आधीची आहे.

प्रत्येकीने घरून आपली एक खूण आणायची. कोणाची शिंपली, कोणाचा चिंचोका, कोणाचं सदऱ्याचं बटण. माझी खूण म्हणजे नवऱ्याच्या जाळ्याचा शिशाचा मणी. सगळ्या खुणा एका बरणीत टाकायच्या. ही बरणी एका शनवार तेल्याच्या घरची. शनवार तेली म्हणजे आमच्याकडचे यहुदी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. ते घर इस्रायलला गेलं तेव्हा जाताना सामान वाटून टाकलं, त्यात बरणी आमच्याकडे आली. तिचं तोंड इतकं अरुंद की हात जेमतेम जातो आणि आतलं काही दिसत नाही. जी खूण पहिली बाहेर येईल तिला पायऱ्यांजवळची जागा, मग पुढची, असं करत गटारापर्यंत.

खुणा काढणारी बाई एकच असते. तिने आधी मिठाच्या टोपलीत मनगटापर्यंत हात खुपसायचा आणि सगळ्यांच्या देखत म्हणायचं, "हात मोकळा हाय." मिठाने घाम सुकतो, बोटांना काही चिकटवलेलं असेल तर गळून पडतं, हे झालं एक. दुसरं म्हणजे आमची सगळ्यांची घरं मिठागरांवर वाढलेली. मिठात हात घालून खोटं बोलायचं नसतं. बोललीच, तर त्या बाईने पुन्हा बरणीला हात लावायचा नाही, आणि पुढल्या हंगामाचं पहिलं मीठ निघेपर्यंत गटाराशी बसायचं, खूण न टाकता. सासू सांगायची की तिच्या वेळी एक बाई तशी बसली होती. माझ्या वेळी कोणी बसलं नव्हतं.

एकोणीस वर्षं खुणा मी काढल्या. मला हे काम दिलं ते मी गोड बोलत नाही म्हणून. जिला कोणाची मर्जी राखता येत नाही तिला बरणी द्यावी, असं तेव्हाच्या म्हाताऱ्या म्हणाल्या.

पण एकोणीस वर्षांत बोटांना डोळे फुटतात. हात बरणीत गेला की मला कळायचं, हा चिंचोका, ही शिंपली, हे बटण. मी कधी निवडून काढलं नाही. जे बोटाला आधी लागेल ते काढलं. तरी कळत होतं हे खरं. माझी धाकटी जाऊ पण ओट्यावर बसते. ती एकदा हसत हसत म्हणाली, "जाऊबाय, तुमचा हात मोकळा हाय, पण आंधळा नाय."

मला तो शब्द लागला, कारण तो बरोबर होता. पुढल्या अवसेला मीच सगळ्यांना सांगितलं की माझ्या बोटांना आता तुमच्या खुणा ओळखू येतात, दुसरी सोय बघा. बायका म्हणाल्या, तू सांगतेस म्हणजे तू खोटी नाहीस, तूच काढ. मी म्हटलं, आज सांगते, उद्या सांगेन की नाही ते मलाही ठाऊक नाही.

ह्याच दिवसांत माझी नात माझ्याकडे राहायला आली. मुलीची मुलगी. मुलगी रोह्याला असते. जावयाची कंपनीत शिफ्ट, घर लहान, तो दिवसा झोपला की पोरीला तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. तिचं काम पुण्याच्या ऑफिसचं, पण घरी बसून लॅपटॉपवर. कासूला रेल्वेने उतरून ती दोन बॅगा घेऊन आली आणि माझ्या माजघरात खिडकीखाली बसली. सकाळी लॅपटॉप सुरू करायची, संध्याकाळी बंद करायची. मधे परदेशातल्या लोकांशी बोलायची. मी चौथी शिकलेली. ती काय शिकली त्यातलं मला नावसुद्धा सांगता येणार नाही. पण ती मला समजावून सांगायची आणि मी डोकं वापरायची, म्हणून थोडं कळलं. जे कळलं तेवढंच इथे लिहिते.

कॉम्प्युटरशी बोलायच्या भाषा असतात. प्रत्येक भाषेचं एक सामाईक भांडार असतं. ती त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणायची, आणि मला आधी पेणच्या वाचनालयासारखं काही वाटलं. तसं नाही. गावकीची भांडी असतात ना, कोणाच्याही लग्नात कोणीही न्यावीत, घासून परत ठेवावीत, तसं ते भांडार. ती भाषा वापरणारा जगातला कोणीही त्यातून वस्तू घेतो. माझी नात आणि आणखी काही लोक त्या भांडारात एक नवी वस्तू घालत होते. कॉम्प्युटरकडून मनाला येईल तो आकडा मागण्याची.

मी म्हटलं, "आकडा मागायला एवढी माणसं कशाला?"

ती म्हणाली, "आजी, कॉम्प्युटर मनाचं काही सांगूच शकत नाही. तो नुसता हुकमाचा. आकडा दे म्हटलं की मागच्या आकड्यावरून हिशोब करून पुढचा देतो. ज्याला पहिला ठाऊक त्याला सगळे ठाऊक."

"म्हणजे माझ्या बोटांसारखं."

"बरोबर तसंच," ती म्हणाली. मग तिने सांगितलं की आता चिप बनवणाऱ्यांनी चिपच्या आतच एक बारीकशी जागा केली आहे. ती उष्णतेने सारखी थरथरते. दुपारी मिठागराच्या पाण्यावर हवा थरथरताना दिसते, तशी. त्या थरथरीतून आकडा निघतो आणि तो आधी कोणालाच ठाऊक नसतो, चिप करणाऱ्यालाही नाही. त्या जागेला विचारायचा एक खास हुकूम आहे. तो हुकूम भाषेतून सरळ देता यावा, हे तिचं काम. सगळ्या चिपांत ती जागा नसते, तर नसेल तिथे तसं सांगायचं. कधी चिप म्हणते आता आकडा तयार नाही, तर पुन्हा विचारायचं. आणि आकड्याबरोबर चिप एक निशाण वर करते. निशाण वर असलं म्हणजे आकडा चांगला.

"निशाण कोण वर करतं?"

"चिपच."

"म्हणजे चोरालाच विचारायचं, चोरी केलीस का?"

ती खूप हसली. म्हणाली, हे तुझं वाक्य मी मीटिंगमध्ये सांगणार. सांगितलं की नाही ते तिलाच ठाऊक.

ओट्याची अडचण मीच तिच्याकडे नेली. हे मी लपवत नाही. तिला म्हटलं, तुझ्या थरथरणाऱ्या जागेकडून आमच्या जागा काढून मिळतील का? तिला आनंद झाला. तिने तासाभरात एक प्रोग्राम लिहिला. नावं घालायची, बटण दाबायचं, अकरा नावांचा क्रम समोर येतो. स्वयंपाकघरात बसून तिने मला पाच वेळा करून दाखवलं. पाचही वेळा क्रम वेगळा. कधी मी पहिली, कधी जाऊ, कधी मी गटारात. "ह्यात दुसरं काही मिसळलेलं नाही," ती म्हणाली, "सरळ चिपचा आकडा." गवळी दुधाबद्दल बोलतो तसं बोलली.

माघातल्या अवसेला आम्ही लॅपटॉप घेऊन निघालो. तिने सकाळी घरी सुरू केला, सगळं ठीक बघितलं, झाकण लावलं, बॅगेत घातला. सहाआसनी रिक्षाने पेणला आलो. ओट्यावर बायका जमल्या होत्या. तिने झाकण उघडलं आणि नावं विचारली. पहिली जी बसली होती तिने पहिलं नाव सांगितलं. ती आमच्यातली गरीब तोंडाची विधवा, भाच्याकडे राहते, कोणाला उलट बोलत नाही. मग बाकीच्यांनी सांगितली. माझं नाव नातीने मुद्दाम शेवटी घातलं. म्हणाली, "आजीचं शेवटी, म्हणजे कोणी बोलायला नको."

तेवढ्यात जाऊ म्हणाली, "मशीनला हात नाय. मग मिठात कोणाचा हात जायचा?"

सगळ्या नातीकडे बघायला लागल्या. प्रोग्राम तिचा, तर हात तिचा, हे सरळ होतं. ती गोंधळली. म्हणाली, "मिठाचा हात कीबोर्डला लागला तर मशीन खराब होईल."

ते खरं होतं. मीठ लोखंडाला खातं, आम्हाला कोणी शिकवायला नको. मी पदर खोचला आणि माझा हात मिठात घातला. मनगटापर्यंत. "हात मोकळा हाय," मी म्हटलं. हात माझा आणि काम मशीनचं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं दर अवसेला घातला होता, त्या दिवशीही घातला. असली चूक मिठागरावर वाढलेली बाईच करू जाणे. दुसऱ्या कोणी मशीनवर विश्वास ठेवला असता किंवा ठेवला नसता, मशीनसाठी शपथ घेतली नसती.

तिने बटण दाबलं. पहिली जागा मला आली.

बायका हसल्या. "शेवटी घातली तरी वर आली," असं कोणीतरी म्हणालं. विधवेला गटार आलं. ती पाटी उचलून तिकडे गेली. त्या महिन्यात माझी सुकट दुपारीच संपायची आणि दुपारचा भात मी घरी जाऊन गरम खायची. गुडघे बरे राहिले, कारण ओट्यावरून चालत टोकापर्यंत जायचं नव्हतं. मला बरं वाटलं. हेही मी लपवत नाही.

फाल्गुनातल्या अवसेला पुन्हा तसंच निघालो. घरी सुरू, झाकण, बॅग, रिक्षा, ओटा. नावं लॅपटॉपमध्ये होतीच. मी मिठात हात घातला. तिने बटण दाबलं. पहिली मी. दुसरी मागच्या खेपेचीच. तिसरी तीच. गटाराशी विधवा.

कोणी हसलं नाही. जाऊ म्हणाली, "पोरी, हे मागचंच दाखवलंस काय गो?"

नात म्हणाली, "नाही, नवीनच आहे. असं होऊ शकतं. योगायोग."

"असं किती वेळा होतं?"

"क्वचित."

मी जाऊला म्हटलं, "ती शिकलेली हाय. ती सांगते तर असेल." आणि मला कोणी विचारलं नव्हतं तरी पुन्हा मिठात हात घातला आणि म्हटलं, "हात मोकळा हाय. ह्यात खोट नाय." रीतीने हात एकदाच घालायचा असतो. मी दोनदा घातला. नातीने तो बघितला. माझ्या बोटाला तेव्हा सोडे सोलताना लागलं होतं, मीठ झोंबलं आणि मी हात झटकला. तिने माझ्याकडे बघून मान खाली घातली. मला वाटलं, हाताचं वाईट वाटलं.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "सगळं बरोबर हाय ना?"

"हो आजी, सगळं बरोबर आहे."

त्या दुपारी ती जेवली नाही. लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसली होती. झाकण लावायची, उघडायची, बटण दाबायची, पुन्हा झाकण लावायची. मी भांडी घासताना बघत होते. म्हटलं, बिजागरी सैल झाली असेल. मग आठवडाभर तिचं परदेशातल्या लोकांशी बोलणं वाढलं. एक दिवस ती खुशीत होती. पेणहून पेढे आणले. म्हणाली, भांडारात तिची वस्तू घेतली, आणि त्यात एक फार महत्त्वाची तपासणी तिने सुचवली म्हणून सगळ्यांनी नावाजलं. मी पेढा खाल्ला. चांगला होता.

चैत्रातल्या अवसेला तिसऱ्यांदा ओट्यावर गेलो. गावात बोलणं सुरू झालंच होतं. बरणी बंद केली, स्वतःच्या नातीचं मशीन आणलं, आणि म्हातारी पायऱ्यांवर जाऊन बसली. माझ्या कानावर ते आलं होतं, मी सोडून दिलं होतं. हात मोकळा असला की बोलणाऱ्यांना बोलू द्यावं.

मी मिठात हात घातला. बटण दाबलं. तोच क्रम.

जाऊ उठून उभी राहिली. तिला वाचता येत नाही. नावं कुठल्या क्रमाने लिहिली होती ते तिला पडद्यावरून कळण्यासारखं नव्हतं. पण ती कानाने जगलेली बाई आहे. लग्नातली गाणी तिला एकदा ऐकून पाठ होतात. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी आपण नावं सांगितली ती माझ्या ध्यानात हायत." आणि तिने ती नावं ओळीने म्हटली, विधवेपासून माझ्यापर्यंत. मग म्हणाली, "आता मशीनचा क्रम उलटीकडून वाच, पोरी."

नातीने वाचला नाही. वाचायची गरज नव्हती. बाकीच्या बोटांवर मोजत होत्या. जी नाव सांगताना शेवटची ती जागेला पहिली, जी पहिली ती गटाराशी, आणि मधल्या सगळ्या तशाच उलट्या. तीनदा.

मी नातीला म्हटलं, "काय गो हे?"

ती म्हणाली, "योगायोग असेल आजी."

तिच्या आवाजावरून मला कळलं. मासळी दाबून बघावी लागते, पण सडलेली असेल तर वासच येतो. मी बायकांना म्हटलं, "आज जागा बदलू नका. उद्या सांगते." आणि पाटी झाकून तिला घेऊन घरी आले.

घरी मी मिठाची टोपली तिच्यासमोर ठेवली. "लॅपटॉप लांब ठेव. हात घाल आणि सांग."

तिने हात घातला नाही. लॅपटॉप तेवढा लांब ठेवला. मग बोलायला लागली.

तिच्या लॅपटॉपमधली चिप जुनी होती आणि तिच्यात एक खोट होती. झाकण लावलं की मशीन झोपतं. उघडलं की जागं होतं. जागं झाल्यावर ती थरथरणारी जागा थरथरत नाही. काहीही विचारलं तरी एकच आकडा देते, तिच्याकडचा सगळ्यात मोठा. आणि निशाण मात्र वर. आकडा चांगला आहे, असं सांगते. मोठ्यात मोठा आकडा म्हणजे यादीतलं शेवटचं नाव. म्हणून शेवटची पहिली, मग उरलेल्यांतली शेवटची दुसरी, असं उलटं. घरी सकाळी मशीन नुकतंच चालू केलेलं असायचं तेव्हा आकडे खरे. बाजारात झोपून उठलेलं, तेव्हा खोटे.

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या वेळी. त्याच दुपारी."

म्हणजे झाकण लावून उघडत होती ते बिजागरीसाठी नव्हतं.

तिने ते त्याच दिवशी परदेशातल्या लोकांना कळवलं होतं. काहींना असल्या चिपांची खबर आधीच होती. तिनेही कधीतरी वाचलं होतं, पण आपलं मशीन तसलं असेल हे मनात आलं नव्हतं. तिने तपासणी सुचवली. आकडा वापरण्याआधी चिपला चार-पाच वेळा विचारायचं. सगळी उत्तरं एकच आली तर निशाण कितीही वर असो, त्या चिपला मानायचं नाही, आकडा दुसरीकडून घ्यायचा. ती तपासणी भांडारात गेली. पेढे त्याचे होते.

"आणि आमच्या प्रोग्राममध्ये?"

"तो तसाच ठेवला."

"विसरलीस?"

तिला विसरले म्हणता आलं असतं. म्हणाली नाही, एवढं तिचं खरं. "नाही विसरले. तुझे गुडघे आजी. गटारापर्यंत चालतेस ते मला बघवत नाही. आणि ते आपोआपच तुझ्याकडे येत होतं. मी काही केलं नव्हतं. फक्त दुरुस्त केलं नाही. कोणाला कळलं नसतं."

"मी मिठात हात घातला ते बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"मला वाटलं, मीठ ही नुसती रीत आहे."

जगातली कुठली कुठली माणसं ते भांडार वापरतात, त्यांना खोटा आकडा मिळू नये म्हणून तिने आठ दिवस जिवाचं रान केलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईची सुकट गटाराच्या ओलीने खराब होत होती, तिच्यासाठी तिला तासभर सापडला नाही. माझे गुडघे माझे आहेत. मी त्यांच्यासाठी कोणाकडे जागा मागितली नव्हती. ती मागितली असती तर बायकांनी दिलीही असती, पण मग ती मागितलेली जागा असती आणि सगळ्यांना तसं ठाऊक असतं.

चिपवर माझा राग नाही. तिला काही कळत नव्हतं. मी पोरीला विचारलं होतं, सगळं बरोबर हाय ना, आणि तिने हो म्हटलं होतं.

ती म्हणाली, "उद्या मी येते. मी सांगते सगळ्यांना."

मी म्हटलं, "मिठात हात माझा गेला. तू नको येऊ."

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. पाटी घेऊन सरळ ओट्याच्या टोकाला, गटाराशी. विधवा तिथे आपलं गोणपाट अंथरत होती. मी तिला म्हटलं, "ऊठ गो. ही माझी जागा." तिला वाटलं मी चेष्टा करते. मग मी सगळ्यांना सांगितलं. मशीन खोटं होतं, पोरीला एका महिन्यापासून ठाऊक होतं, मला नव्हतं, आणि मी तीन अवसा मिठावर खोटं बोलले.

एक जण म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं, मग तुझी शपथ खोटी कशी?"

"जे ठाऊक नाय त्याची शपथ घेतली. खोटीच ती."

जाऊ एवढंच म्हणाली, "लॅपटॉपला पण इथंच बसवा गटाराशी. त्याचंही पाप जरा उतरू दे." दोघी-तिघी हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण विधवेने तोंड उघडलं. ती कधी बोलत नाही. म्हणाली, "म्हणजे माझं नशीब नव्हतं ते?"

मी पाटी खाली ठेवली.

"मी गावदेवीला दोनदा नारळ फोडला," ती म्हणाली. "म्हटलं, माझ्यावरच का कोपली." मग तिने गोणपाट गुंडाळलं आणि पायऱ्यांकडे गेली. माझ्याकडे वळून बघितलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही बघितलं नसतं.

बरणी परत आली. आता खुणा जाऊ काढते. आणि विधवेनेच एक सुचवलं, की प्रत्येकीने दर महिन्याला वेगळी खूण आणायची, म्हणजे कोणाचीच बोटं शिकणार नाहीत. एवढं सोपं होतं. एकोणीस वर्षं ते एकीलाही सुचलं नाही, आणि मी त्यासाठी चिपच्या पोटात शिरले.

नात महिनाभराने पुण्याला गेली. मी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. मुलगी रोह्याहून फोन करून म्हणाली, "आये, पोरीने तुझ्या भल्यासाठीच केलं ना गो." मी म्हटलं, तिने माझा हात वापरला, आणि वापरताना मला सांगितलं नाही. मुलीला ते पटलं नाही. तिने मिठात कधी हात घातलेला नाही, लग्न होऊन लवकर गेली.

पावसाळा मी गटाराशी काढला. सुक्या मासळीचा खरा धंदा पावसाळ्यात. नागोठण्याला पूर येऊन रस्ता बंद पडला की पेणच्या बाजारात ताजी मासळी नसते, लोक सुकटीवर तुटून पडतात. पायऱ्यांवर पडतात. माझ्यापर्यंत येईपर्यंत त्यांच्या पिशव्या भरलेल्या असतात. गटार दोनदा वर आलं. पाटीखाली विटा लावल्या. गुडघ्यांचं जे व्हायचं ते झालं.

नात रविवारी फोन करते. काम बरं चाललंय, जेवण मिळतं, तब्येत ठीक, असं सांगते. मी पुन्हा विचारते. पुन्हा विचारते. "आजी, एकच गोष्ट तीनदा का विचारतेस?" असं तिने एकदाच विचारलं. मग तिचं तिला कळलं असावं. आता ती तिन्ही वेळा उत्तर देते. तिन्ही वेळा उत्तर एकच असतं.

आता पौष चालू आहे. मिठागरांत पाणी घेतलंय. गेल्या आठवड्यात ती न सांगता आली आणि बाजारात सरळ माझ्याकडे आली. ओट्याची दहा पाट्यांची लांबी ती चालली, बायका बघत होत्या. ती माझ्या पाटीपुढे खाली बसायला लागली.

"अजून किती दिवस आजी?"

"पहिलं मीठ निघेपर्यंत."

"मग मीही बसते तुझ्याबरोबर."

"बसू नको," मी म्हटलं. "पुढ्यातून सरक. गिऱ्हाईकाला जागा ठेव."